गोव्याहून आणलेली हवा

माझा थोरला पोरगा विहिरीच्या पाण्यावर आला तेव्हा त्याची उजवी मूठ उंच होती आणि मुठीत गाळ होता. तोंडातली नळी त्यानं थुंकून टाकली, काठावरच्या आम्हा सगळ्यांकडं बघून तो हसला, आणि हसता हसताच त्याच्या ओठांतून तांबडा फेस आला. मूठ उघडली. गाळ त्याच्याच तोंडावर सांडला, पण तो पुसायला त्याचा हात हलला नाही. मान मागं पडली आणि पाठीला बांधलेली लोखंडी टाकी त्याला सावकाश खाली ओढायला लागली.

धाकटा वर पायरीवर दोर धरून उभा होता. त्यानं दोर सोडला आणि कपड्यांसकट उडी घेतली. थोरल्याची बायको, माझी सून, ओरडली. मी ओरडले नाही. मला वाटलं, मेला. मेलेल्या माणसासाठी ओरडून उपयोग नसतो, हे मला नवऱ्याच्या वेळेला कळलं होतं.

दोघातिघांनी दोर ओढला, धाकट्यानं खालून रेटलं, आणि थोरल्याला पायऱ्यांवरून वर आणून बांधावर निजवलं. जमलेल्या माणसांनी जे नेहमी करतात तेच सुरू केलं. पालथा घाला, पोट दाबा, पाय वर धरा. पाणी काही निघेना. धाकटा माणसांना ढकलत होता आणि ओरडत होता, "पाणी न्हाय गेलं त्याच्यात! हवा गेलीय, हवा!"

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. हवा तर सगळ्यांच्याच आत जाते.

हे कसं झालं ते सांगायचं तर बोटीपासून सांगायला लागेल.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचं शेत इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या शिवारात. थोरला शेती बघायचा. डाळिंबं, पेरू, पावसाळ्यात भाजी. धाकट्याला मातीत हात घालायचा कंटाळा. बारावी झाली आणि बारामतीत एका हॉटेलात कामाला लागला. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं गोव्याला गेला, भांडी घासली, टेबलं पुसली, आणि दोनेक वर्षांनी निमगावच्या टेलिफोन बूथवर निरोप आला की तो आता बोटीवर असतो.

मला वाटलं मासेमारीची बोट. तसं नव्हतं. सुट्टीला आला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. लक्षद्वीपच्याही खाली, जिथं नकाशावर नुसते ठिपके असतात, तिथं ही बोट फिरायची. तिच्यावर पाहुणे आठवडा-दहा दिवस राहायचे. जमिनीला पाय लावायचा नाही. बोटीवरच झोपायचं, बोटीवरच जेवायचं, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. परदेशातली माणसं जास्त, पण आपल्याकडचेही असायचे. डॉक्टर, कारखानदार, त्यांच्या बायका.

"म्हंजी ही माणसं बुडायला पैसं देत्यात?" मी विचारलं.

"बुडायला न्हाय गं आये. बघायला."

"काय बघायला?"

"मासं."

"मग धरत्यात का?"

"न्हाय. धरायचं न्हाय. हातबी लावायचा न्हाय."

"मग खात्यात काय?"

"मासंच. पर ते येगळं."

थोरला एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्यानंतर कित्येक दिवस ताटात काहीही वाढलं की तो सुनेला विचारायचा, "हे बघायचं हाय का खायचं?"

पावसाळ्यात समुद्र खवळतो म्हणून ती बोट दुरुस्तीला गोव्याच्या एका धक्क्यावर यायची. एका वर्षी धाकटा म्हणाला, मालक बोटीवर नाहीत, या बघायला. सुनेनं पाठवलं. म्हणाली, "आत्याबाई, तुमी कुठं गेलाच न्हाईत. मी बघते घरचं." मग मी आणि थोरला एसटीनं गेलो. बारामती, तिथून कोल्हापूर, तिथून घाट. माझे गुडघे त्या प्रवासात गेले ते परत आले नाहीत.

बोट पाण्याबाहेर काढून लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी केली होती. शिडी लावून चढायचं. समुद्रातली एवढी मोठी बोट बघायला गेले आणि बघितली ती जमिनीवर. पण आतून बघितली. प्रत्येक खोलीत पांढऱ्या चादरीचा पलंग, प्रत्येक खोलीला आपलं आपलं न्हाणीघर. अंग पुसायच्या टॉवेलांची घडी घालून त्यांची बदकं करून ठेवायची असतात, ते धाकट्यानं मला करून दाखवलं. मी म्हटलं, पाच मिनिटांनी ओल्या अंगाला लावायचं त्याला चोच कशाला? त्याला राग आला. सहा महिने शिकला होता म्हणे ते बदक.

भिंतीवर समुद्राखालचे फोटो होते. लाल, पिवळं, निळं, झाडांसारखं वाढलेलं. धाकटा म्हणाला, ते झाड नाही, तो जीव आहे, शेकडो वर्षं लागतात एवढं व्हायला. पाहुणे वर येतात तेव्हा काहीजण रडतात, असंही म्हणाला. मी त्यातल्या एका फोटोकडं बराच वेळ बघितलं. चांगला होता. रडायला आलं नाही.

मागच्या बाजूला टाक्यांची खोली होती. भिंतीला लावून टाक्या उभ्या, दूध डेअरीत कॅन लावतात तशा. बाजूला हवा भरायचं यंत्र. मी लवकर खाली उतरले, मला उभं राहवत नव्हतं. थोरला वरच राहिला. त्याला बोलावलं तरी येईना. शेवटी आला तेव्हा त्याच्या हाताला यंत्राचं तेल लागलेलं होतं. परतीच्या गाडीत म्हणाला, "आये, मी त्याच्यापेक्षा चांगला पवतो."

हे खरं होतं. त्यासाठी विहिरीचं सांगायला पाहिजे.

मी चौथीपर्यंत शाळा शिकले. माझ्या लहानपणी आमच्या माणसांना गावच्या विहिरीला शिवता येत नव्हतं. वर कुणी उभं असेल तर तो ओंजळीत ओतायचा, नसेल तर बसून राहायचं. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, देव घराबाहेर गेले, पण पाणी काही लगेच घरात आलं नाही. माझ्या नवऱ्यानं पुढं जमिनीचा हा तुकडा केला आणि त्यात विहीर पाडली. सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी उंची. कॅनॉलला पाणी सुटलं की तिच्यात पाच परस पाणी भरायचं.

नवऱ्यानं दोन्ही पोरांना तिथंच पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आत टाकायचा, महिन्याभरानं डबा काढून टाकायचा. त्याचा एक नियम होता. वरवर हातपाय मारले म्हणजे पोहता आलं असं नाही. तळाला जाऊन मूठभर गाळ आणून दाखवायचा. गाळ दाखवला तर पोहणारा, नाही तर नुसता भिजलेला. थोरला आठ-नऊ वर्षांचा असताना गाळ घेऊन आला. छातीत दम भरायचा, ओठ घट्ट मिटायचे, दोरीला धोंडा लावल्यासारखं खाली जायचं, तळाला टाच मारायची आणि सरळ वर. सगळा खेळ दम धरण्याचा. दम सुटला तर माणूस संपला. हे त्याच्या अंगात हाडासारखं बसलं होतं. पुढं आसपास कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, कुणाचा बैल पडला, एकदा दोनदा माणूसही, तर दोर बांधायला थोरल्यालाच बोलवायचे. धाकट्याला त्यानंच शिकवलं, पण धाकट्याला पाच परस कधी झेपलं नाही.

म्हणून धाकटा टाकी बांधून समुद्रात जातो आणि आपण नुसता दम धरून मोटारी काढतो, हे थोरल्याच्या मनाला लागलं. शेतीचाही त्याला वीट आला होता. डाळिंबाला फवारा मार, कॅनॉलच्या पाळीसाठी भांड, परत फवारा मार. धाकट्यानं बोटीवर शब्द टाकला. पाहुण्यांबरोबर पाण्यात जाणाऱ्या मुख्य पाणबुड्याला मदतनीस हवा होता. तो म्हणाला, पावसाळ्यानंतर घेऊन ये, पाण्यात घाबरत नसेल तर बाकीचं मी शिकवतो.

सुनेला हे पटलं नव्हतं. "हितं काय कमी हाय?" एवढंच ती म्हणत राहिली. थोरला म्हणायचा, "कमी काय न्हाय. तेच तर हाय, काय बी न्हाय."

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, जायचं तर जा, पण डाळिंबाचं मला फोन करून विचारायचं नाही. मी दमलेली आहे. मला खरंच वाटत होतं की त्यानं जावं. घरात तोंड पाडून बसणाऱ्या माणसापेक्षा दूर असलेला माणूस परवडतो.

पुढच्या पावसाळ्यात बोट धक्क्याला लागली आणि धाकटा सुट्टीला आला तो पोत्यात एक भरलेली टाकी घेऊनच. थोरल्याला आधी घरी सवय करून द्यायची होती त्याला. मुख्य पाणबुड्याला सांगून आणली म्हणाला. काय सांगून आणली ते मी विचारलं नाही.

बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरनं त्याला अडवलं होतं. ते तो घरी येऊन नकला करून सांगत होता.

"ए, ग्यासची टाकी खाली उतरव."

"ग्यास न्हाय मास्तर, हवा हाय."

"काय हाय?"

"हवा. नुसती हवा."

"कुठनं आणली?"

"गोव्यावरनं."

"का रं बाबा? इंदापूर तालुक्यातली संपली व्हय?"

सगळी गाडी हसली म्हणे, आणि कंडक्टरनं टाकीला आपल्या सीटशेजारी जागा दिली.

ती टाकी दोन दिवस आमच्या पडवीत उभी होती. लोक बघायला यायचे, बोटानं टिचकी मारायचे. शेजारच्या मळ्यातले तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाण्यात बसून दम घ्यायचा तर माशाच्या पोटाला यायचं की रं. माणसाच्या पोटाला कशाला आलास?"

थोरला म्हणाला, "तात्या, तुमी माणसाच्या पोटाला येऊन काय मोठं केलं?"

तात्यांना ते आवडलं. ते दुसऱ्या दिवशीही आले.

धाकट्यानं आधी हौदात शिकवलं. थोरला हौदात डोकं बुडवून नळीतून श्वास घ्यायचा आणि पाण्यावर बुडबुडे यायचे. पाच-दहा मिनिटं तसाच. बाहेर आला की पोरगं जत्रेतून आल्यासारखं त्याचं तोंड. सूनसुद्धा हसली. धाकट्यानं त्याला एक गोष्ट परत परत सांगितली, ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. "दादा, एकच ध्यानात ठेव. दम धरायचा न्हाय. खाली घेतलेली हवा वर येताना फुगती. फुगा फुगतो तशी. वर येताना दम सोडत यायचं, सारखा सोडत. धरलास तर छाती फुटंल."

"व्हय व्हय," थोरला म्हणाला. "किती येळा सांगशील? न्हवरीला सांगत्यात तसं सांगतोय."

त्याला कळलं होतं. पण कळलं ते डोक्याला. डोकं पाण्यात गेलं की छाती आपलं जुनंच करणार, हे धाकट्याच्या ध्यानात आलं नाही, कारण बोटीवर येणाऱ्या पाहुण्यांनी कधी विहिरीचा गाळ काढलेला नसतो. त्यांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. त्यांच्या अंगात दुसरं काही बसलेलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या आधी त्याला विहिरीत उतरवला. कमरेला दोर, दोराचं टोक धाकट्याच्या हातात. काठावर मी, सून, तात्या आणि वस्तीवरची पाच-सात माणसं. थोरला पायऱ्यांवरून उतरला, डोळ्यांवरची काच बसवली, नळी तोंडात धरली आणि गेला. पाणी हिरवट होतं, एक परस खालचं काही दिसत नव्हतं. पण बुडबुडे दिसत होते. येत होते, थांबत होते, येत होते. धाकटा बुडबुड्यांकडं बघत म्हणाला, "चांगला चाललाय. सावकाश घेतोय." दोर सरकत गेला आणि थांबला. तळाला पोचला.

तिथं तो बराच वेळ बसला. पुढं बरा झाल्यावर त्यानं मला सांगितलं, तळाला बसून श्वास घेताना त्याला पहिल्यांदा कळलं की विहिरीचा तळ कसा आहे. आजवर तो तिथं फक्त शिवून परत आला होता. बापानं सुरुंग लावलेल्या खडकाच्या कडा त्यानं हातानं चाचपल्या. मग त्याला वाटलं, आता जावं. वर सगळी थांबली असतील. आणि हाताला गाळ लागला.

गाळ हातात आला आणि पुढचं सगळं आपोआप झालं. त्यानं टाकीतून छातीभर हवा घेतली, ओठ मिटले, तळाला टाच मारली.

वर आम्हाला एवढंच दिसलं की बुडबुडे बंद झाले.

धाकटा एकदम ओरडायला लागला, "दम सोड! दादा, दम सोड!" पाण्यात पाच परस खाली कुणाला काय ऐकू जाणार. मला वाटलं, बुडबुडे बंद झाले म्हणजे तो बुडाला. आणि तेवढ्यात तो वर आला, मूठ उंच धरून. म्हणून मला आधी बरंच वाटलं होतं. ते एका क्षणापुरतं.

तात्यांच्या मुलाची जीप होती. तिच्यात मागच्या बाजूला थोरल्याला आडवा घातला. श्वास चालू होता, घरघर होती, शुद्ध नव्हती. डावी बाजू ओल्या पोत्यासारखी पडली होती. मी त्याच्या पायाशी बसले, सून डोक्याशी. सून त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लागली तर धाकटा तिच्या अंगावर ओरडला, "वहिनी, डोकं वर उचलू नका! सपाट राहू द्या!" तिनं डोकं खाली ठेवलं, पण त्याच्याकडं बघितलं ते मी बघितलं.

बारामतीचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी आधी विचारलं, किती वेळ पाण्यात बुडाला होता.

"बुडाला न्हाय डॉक्टरसाहेब," धाकटा म्हणाला. "दम धरून वर आला. छाती फाटली आसंल. हवेचं बुडबुडं रगतात गेल्यात, डोक्यात गेल्यात." आणि त्यानं टाकीचं सगळं सांगितलं. समुद्रावर असं झालं तर माणसाला एका लोखंडी खोलीत घालून दाब देतात, हेही सांगितलं. बोटीवर भिंतीला लावलेल्या कागदावर त्यानं ते वाचलं होतं, आणि एकदा एका पाहुण्याला असं विमानानं नेलेलं बघितलं होतं.

डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजन लावला आणि तो बोलत असताना थोरल्याचे हातपाय तपासत राहिले. मग म्हणाले, "मी असा पेशंट आयुष्यात पाहिलेला नाही. पण तुम्ही सांगताय ते जुळतंय. इथे ठेवून मी तुमचा वेळ घालवणार नाही." त्यांनी तीन-चार ठिकाणी फोन केले. मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात तशी दाबाची खोली होती. ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट त्यांनी अँब्युलन्स लावून दिली आणि सोबत त्यांचा माणूस दिला. मी त्यांचे आभार मानले की नाही ते आठवत नाही. मानले नसतील.

वाटेत मी गाडीच्या पत्र्याला डोकं टेकून बसले होते. आई म्हणून काय वाटत होतं, असं मला पुढं कितीतरी बायकांनी विचारलं. खरं सांगते, कंबर दुखत होती. एवढंच वाटत होतं की जे काय व्हायचं ते लवकर होऊ दे. थोरला घरघरत होता आणि मी प्रत्येक घरघरीच्या मागं पुढची येते का ते ऐकत होते. माणूस अशा वेळी मोठा काही विचार करत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांना हसू आलं. "इंदापूर? इंदापूरला समुद्र कधी आला?"

"इहिरीत झालं, साहेब," धाकटा म्हणाला.

डॉक्टर हसायचे थांबले. थोरल्याला लगेच आत नेलं.

ती खोली म्हणजे आडवी ठेवलेली मोठी लोखंडी टाकीच होती. गोल काचा, जाड दार, बाहेर घड्याळासारखे काटे. सोबत एक नर्सबाई आत गेल्या. एक डॉक्टर मला समजावून सांगत होते. आत हवेचा दाब वाढवतात, मग माणसाच्या अंगाला वाटतं आपण परत पाण्याखाली आहोत. रक्तातले बुडबुडे बारीक होतात. मग हळूहळू, तासनतास लावून, दाब कमी करतात. मी म्हटलं, म्हणजे त्याला परत विहिरीत घातला, आणि या खेपेला सावकाश काढणार. ते म्हणाले, अगदी तसंच.

बाहेर एक लांब बाक होता. त्यावर आमच्या आधीपासून एक बाई बसलेली होती. कोकणातली. तिनं मला विचारलं, "तुमचो कोण?"

"मुलगा."

"माझो घोव आत आसा," ती म्हणाली.

तिचा नवरा बंदरात पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ घासायचा. पोटासाठी, रोजचं काम. वरून नळीनं हवा सोडायचे. काहीतरी बिघडलं आणि तो घाईनं वर आला. आमच्या आधी दोन दिवस त्याला आणला होता. ती माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती, पण बाकावर आम्ही दोघी सारख्याच दिसत असणार. तिनं तिच्याजवळची चपाती मला दिली, मी खाल्ली. तिनं एकदाच विचारलं, तुमचा मुलगा पाण्यात कशाला गेला होता? मी बोटीचं सांगितलं. पाहुणे येतात, पलंगावर झोपतात, मासे बघतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघूक? नुसते बघूक? मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली, आणि परत दाराकडं बघायला लागली.

थोरल्याला पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. पुन्हा घालायचं ठरलं. त्या मधल्या वेळात जिन्यावर सून आणि धाकटा समोरासमोर आले.

"भावजी," ती म्हणाली, "घरात हवा कमी होती का? कुणी मागितली हुती तुमच्याकडं?"

धाकट्याचे कपडे अजून विहिरीतल्या पाण्याचेच होते, अंगावर वाळलेले.

"त्यानंच मागितली हुती, वहिनी."

"मग द्यायची? बोटीवरचं समदं पाव्हणं तुमी सांबाळता, आन् भाऊ सांबाळता आला न्हाय?"

लोक बघायला लागले. मला उठायचा कंटाळा आला होता, तरी उठले. म्हटलं, "भांडायचं तर तो उठल्यावर भांडा. त्यालाबी ऐकाय मिळंल. आत्ता त्याच्या वाटचं कोण बोलणार?"

सून रडायला लागली आणि तिथंच पायरीवर बसली. धाकटा खाली जाऊन चहा घेऊन आला. तिनं तो घेतला. तेवढ्यावर ते मिटलं असं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

दुसऱ्या खेपेला थोरला आत असताना गोल काचेतून मला दिसलं की त्याचा उजवा पाय हलला. मी कुणाला सांगितलं नाही. झोपेतही हलतो पाय. मग नर्सबाईंनी आतून बोट वर करून काहीतरी खूण केली, आणि बाहेरचे डॉक्टर काचेला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. बाहेर काढला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. त्यानं सुनेला ओळखलं. मला बघून म्हणाला, "आये, तू कशाला आलीस?" बोलणं जड होतं, जिभेवर खडा ठेवल्यासारखं. मी म्हटलं, "तुला न्यायला."

त्याला कितीतरी वेळा त्या टाकीत घातला. डावा पाय आला. डावा हात पुरता आला नाही, अजूनही त्या हातानं त्याला कात्री धरता येत नाही. बोटीवर तो गेला नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, आता पाण्याखाली कधीच नाही. धाकटा दिवाळीनंतर एकटा परत गेला. जाताना तो रिकामी टाकी उचलायला गेला तेव्हा थोरल्यानं ती स्वतः पोत्यात घालून दिली, एका हातानं.

पण हे सगळं पुढचं. दवाखान्यातून आम्हाला सोडायच्या आधी, एका सकाळी, मी बाकावर आले तर कोकणातली बाई तिथं नव्हती. तिची पिशवी होती. मी तिच्याशेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं ती दोन माणसांबरोबर आली, पिशवी उचलली, आणि माझ्याकडं बघून विचारलं, तुमचो? मी म्हटलं, बोलतो आता. ती म्हणाली, बरा झाला. मग ती गेली.

तिचा नवरा गेला होता. माझा मुलगा जगला.